पहिल्या नावाला ओहोळ

एकदा एक मडकं बेकार झालं.

माणसं बेकार झाल्याचं तुम्ही वर्तमानपत्रात रोज वाचता आणि पान उलटता. मडक्याचं कोणी छापत नाही, म्हणून ते मला लिहावं लागतंय. तेव्हा जरा सावरून बसा. शहाण्या लोकांनी चष्मा पुसून घ्यायला हरकत नाही, गोष्टीत पुढे संगणक येणार आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. वाडीला लागून भातशेती, शेतीच्या वर जंगल आणि जंगलात गवे. भात पिकायला आल्याचं गव्यांना माणसांच्या आधी समजतं, त्यांना पंचांग बघावं लागत नाही. म्हणून भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की कापणी होईपर्यंत वाडी राखण करी. रोज चौघे जण चार मचाणांवर बसत, पत्र्याचे डबे वाजवत, हाळ्या घालत आणि उजाडलं की घरी येऊन आडवे होत.

मचाणं चार ठिकाणी होती: सडा, राई, आंबा आणि ओहोळ. सडा म्हणजे वरचा कातळाचा माळ, राजाची जागा. उंच, कोरडी, वर खोपटाचा आडोसा, आणि मोबाइलला रेंजसुद्धा तिथेच. आंब्याखाली वारा लागत नसे. राईत थोडी भीती वाटे, पण झाडांची ऊब होती. ओहोळ मात्र कोणालाच नको असे. तिथे दिवस मावळताच पाण्यावरून धुकं चढे, दव असं पडे की घोंगडी पिळून घ्यावी, आणि गवे उतरत तेही त्याच वाटेने.

कोणी कुठे बसायचं यावरून कटकट नको म्हणून वाडवडिलांनी मडकं ठेवलं होतं. अरुंद तोंडाचं, काळं पडलेलं. त्यात चार वस्तू असत. सड्यासाठी जांभ्या दगडाचा खडा, राईसाठी हिरडा, आंब्यासाठी कोय आणि ओहोळासाठी शिंपला. चौघे जमले की मडकं हातोहात फिरे. प्रत्येकाने ते स्वतः हलवायचं आणि म्हणायचं, “माझा हात लागला.” चौघांचेही हात लागेपर्यंत आत हात घालायचा नाही. मग एकेकाने एकेक वस्तू काढायची, आणि निघेल ती निमूट घ्यायची.

पद्धत उत्तम होती. वाईट होती ती माणसं, आणि ती कशी असतात हे मी तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरात आरसा असेलच. शिंपल्याला धार असते. बोटाला ती लागली की बोट आपणहून बाजूला सरके आणि कोय चाचपू लागे. हळूहळू सगळ्यांचीच बोटं विद्वान झाली. “हा बोटांनी बघून काढतो,” असे आरोप सुरू झाले, आणि एका वर्षी तर दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मडकं मधल्या मधे फुटता फुटता वाचलं.

त्या वाडीत एक वृद्ध गुरुजी राहत. तालुक्याच्या तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर मुलांना सी भाषा शिकवली होती. सी भाषा म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा. फार मितभाषी, सांगाल तेवढंच करते, आणि चूक सांगितलीत तरी तोंडावर बोलून दाखवत नाही. अशी सून मिळावी असं पुष्कळांना वाटतं, पण ते असो. गुरुजी निवृत्त होऊन दुखरे गुडघे सांभाळत ओसरीवर बसलेले असत. त्यांच्याकडे दिगू नावाचा एक शिष्य शिकायला येई. बुद्धी तल्लख आणि मन उतावळं, म्हणजे तुमच्या घरी असतो तसाच.

मडक्याचं भांडण समाजमंदिरात निघालं तेव्हा दिगू उभा राहिला आणि म्हणाला, “यंत्राला बोटं नसतात. वाटणी त्याच्याकडे द्या. मी प्रोग्रॅम लिहितो.”

वाडी खूश झाली. यंत्राला ना भाऊ, ना भाचा, ना कोणाची उधारी.

दिगूने केलं ते असं. चार ठिकाणांची नावं त्याने सी भाषेत एका ओळीत मांडली. त्या मांडणीला ‘एनम’ म्हणतात. नावं आपण द्यायची, आणि भाषा त्या नावांमागे गुपचूप आकडे लावते: सडा शून्य, राई एक, आंबा दोन, ओहोळ तीन. मोजणी शून्यापासून का, ते मला विचारू नका, शिकलेल्यांच्या पुष्कळ गोष्टी शून्यापासून सुरू होतात. मग प्रत्येक माणसाच्या नावासाठी यंत्राकडे मनाला येईल तो आकडा मागायचा, त्याला चारने भागायचं, आणि बाकी उरेल ते त्याचं ठिकाण. ते आधीच कोणाला गेलं असेल तर पुन्हा आकडा मागायचा. झाली वाटणी. बोट नाही, शिंपला नाही, गचांडी नाही.

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चांगलं आहे. लावण्याआधी एकदा मला दाखव.”

दिगूने मान डोलावली, पण दाखवायला तो गेला नाही. दाखवलं की गुरुजी एखादी खोड काढणार, मग कौतुक दोघांत वाटलं जाणार. आणि गुरुजींनीही पुन्हा विचारलं नाही. गुडघे दुखत होते, समाजमंदिर चढावर होतं, आणि शिष्य हुशार होता. एवढी कारणं माणसाला पुरतात.

मडकं गुरुजींच्या पोटमाळ्यावर गेलं. समाजमंदिरात जुना संगणक मांडला गेला. दिवस कलता कलता दिगू तो सुरू करी, राखणीचे चौघे येतील तसतशी त्यांची नावं घाली, नावांपुढे ठिकाणं उमटत, आणि मग संगणक बंद. राखणीच्या दोन तुकड्या होत्या, एक आज, तर दुसरी उद्या. त्यांतल्या एका तुकडीत गुणाजी धुरी होते.

गुणाजी आयुष्यभर तालुक्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. शिट्टी आणि घड्याळ हीच त्यांची दैवतं. नोकरी संपली, पण घड्याळ संपलं नव्हतं. कुठेही जायचं तर सगळ्यांच्या आधी. लग्नाला गेले की मांडव घालणारे त्यांच्याकडून दोर धरून घेत. राखणीच्या दिवशी समाजमंदिराचं दार उघडायला दिगू यायचा, तेव्हा ते पायरीवर बसलेले असायचे.

“लिही, दिगू. गुणाजी धुरी, हजर.”

दिगू लिही, आणि पडद्यावर उमटे: ओहोळ.

पहिल्या खेपेला गुणाजी हसले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “यंत्राचं माझ्यावर प्रेम दिसतंय.” त्यानंतर ते हसायचे थांबले. घोंगडी खांद्यावर टाकायची आणि ओहोळाची वाट धरायची.

त्याच तुकडीत बाबल्या गावडे होता. हा सगळ्यात शेवटी, पान चघळत, चप्पल ओढत यायचा, आणि त्याला दर खेपेला सडा मिळायचा. “देवाला माझी काळजी,” म्हणत तो खोपटात जाऊन पसरायचा. मधले दोघे आज हा पुढे तर उद्या तो, असे येत, म्हणून राई आणि आंबा त्यांच्यात अदलाबदल होत राही. दुसऱ्या तुकडीत तर येण्याला काही धरबंधच नव्हता, तिथे चारही ठिकाणं सगळ्यांत फिरत. त्यामुळे सारं कसं खेळतं आणि न्यायाचं वाटे. लोकांना दिसत नव्हतं असं नाही. बाबल्याचा सडा दिसत होता, गुणाजींचा ओहोळही दिसत होता. लोक म्हणाले, एकेकाचं नशीब. नशीब म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही, केवढी सोय आहे पाहा.

इथवर मी तुमची थट्टा केली असेल, पण इथून पुढे मला फारशी करवणार नाही.

गुणाजींची बायको शेवंती एकदा म्हणाली, “अहो, एकदा तरी बोला त्या दिगूला. दर वेळी तुम्हीच का?”

“काय बोलू? रडी खेळू?” गुणाजी म्हणाले. “मडकं असतं तर बोललो असतो. यंत्र कोणाचं तोंड बघत नाही, शेवंती. माणूस देत नाही, यंत्र आपल्या मनाने देत नाही. मग हे देतो कोण, सांग.”

 उत्तर गुणाजींकडे आधीच आलं होतं. ओहोळाच्या काठावर बसून बसून माणसाला दुसरं काम काय? त्यांनी आपलं आयुष्य मागे मागे तपासायला घेतलं, आणि तपासणाऱ्याला काही ना काही सापडतंच. फार वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांना आठवली. एक बाई कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन स्टँडच्या फाटकातून धावत येत होती. हात हलवत होती. घड्याळात वेळ झाली होती. गुणाजींनी शिट्टी दिली आणि गाडी सुटली. पुढची गाडी संध्याकाळी होती. ती बाई थोडा वेळ बाकावर बसली, मग उठून कुठे गेली ते त्यांनी पाहिलं नाही. मुलाचं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

“त्याचीच ही फेड आहे,” ते शेवंतीला म्हणाले. “क्षणभर थांबवायला हवी होती गाडी.”

शिक्षा ठरल्यावर ती चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते आणखी लवकर जाऊ लागले.

पुढे त्यांना खोकला लागला. तो त्यांनी काही दिवस मफलरमध्ये लपवला. तालुक्याच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, गोळ्या दिल्या, ऊब सांभाळा म्हणाला. राखणीचा दिवस आला की ते गोळी खिशात टाकून निघत. “माझ्याऐवजी कोण जाईल? ज्याची पाळी त्याने करावी,” असं त्यांचं म्हणणं. भात कापणीला यायच्या आधी ते अंथरुणाला खिळले, आणि पहिली पेंढी खळ्यावर पडली तेव्हा ते नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांनी शेवंतीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती: “त्या पोराचं काय झालं असेल गं?”

गुरुजी काठी टेकत टेकत शेवंतीला भेटायला गेले. चढ चढायला त्यांना बराच वेळ लागला. ती जे बोलली ते त्यांनी ऐकलं, मधे एकदाच विचारलं, “गुणाजी समाजमंदिरात कितवा पोचायचा?” आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू त्यांच्याकडे आला. उरलेल्या दिवसांसाठी गुणाजींच्या जागी कोणाचं नाव घालायचं, हे त्याला विचारायचं होतं.  गुरुजींनी त्याला पोटमाळ्यावरून मडकं काढायला लावलं. मडक्यावर धूळ होती, ती त्यांनी पंच्याने पुसली. मग त्यात खडा टाकला, हिरडा टाकला, कोय टाकली आणि सगळ्यांत शेवटी शिंपला. लगेच आत हात घालून वरचा शिंपला काढला.

“गुणाजी धुरी, ओहोळ,” ते म्हणाले.

शिंपला पुन्हा वर ठेवला आणि पुन्हा काढला.

“गुणाजी धुरी, ओहोळ.”

दिगू बघत राहिला. म्हाताऱ्या माणसाच्या मनावर मरणाचा परिणाम झाला असेल, असं त्याला वाटलं. गुरुजींनी शिंपला परत ठेवला, परत काढला. तेच वाक्य, त्याच आवाजात. चौथ्यांदा त्यांचा हात मडक्यात गेला तेव्हा दिगूला राहवलं नाही.

“गुरुजी, हे काय चाललंय? न हलवता काढलंत तर दर वेळी तोच निघणार.”

“असं?” गुरुजी म्हणाले. “का रे?”

“का म्हणजे? तुम्ही आधी मडकं...”

वाक्य तिथेच राहिलं. गुरुजींनी मान दुसरीकडे वळवली. दिगू उठला आणि चप्पल न घालताच समाजमंदिराकडे गेला.

त्याने संगणक सुरू केला, पहिलं नाव घातलं: गुणाजी धुरी. ओहोळ. बंद करून पुन्हा सुरू केला, पहिलं नाव बाबल्याचं घातलं. ओहोळ. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, आणि आता स्वतःचं नाव. ओहोळ. शेवटी त्याने पहिल्या जागी ग्रामदेवाचं नाव घातलं. यंत्राने देवालाही ओहोळावर पाठवलं. शेवटच्या नावाला दर खेपेला सडा. पडद्यासमोर तो किती वेळ बसून होता ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

तो परत आला तेव्हा गुरुजी तसेच मडक्यापाशी बसले होते.

“यंत्राला यदृच्छा ठाऊक नाही, दिगू,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याच्या पोटात आकड्यांची एक लांबलचक माळ असते. तू आकडा मागतोस, ते पुढचा मणी ओढतं. सुरुवात करताना माळ कुठून धरायची ते तू सांगायचं असतं. त्याला बी देणं म्हणतात, एका ओळीचं काम आहे. ते दिलं नाहीस तर यंत्र रोज उठतं आणि मेरुमण्यापासून जपायला बसतं. पहिला मणी तोच, दुसरा तोच, तिसरा तोच. ही ओळ मी वर्गातल्या मुलांना घोकायला लावली, तुलाही लावली. ती कशासाठी असते, ते काही सांगितलं नाही. आपले आजे-पणजे मडकं हलवत होते, ती तीच ओळ होती.”



“आणखी एक,” गुरुजी म्हणाले. “यंत्राच्या लेखी ओहोळ म्हणजे तीन. नाव तू दिलंस. धुकं, दव, घोंगडी, हे सगळं त्या नावात होतं, आकड्यात नव्हतं. आकड्याला थंडी वाजत नाही. ती ज्याला वाजते त्याच्याकडे बघायचं काम आपलं होतं. ते तू केलं नाहीस, आणि तुला दाखव म्हणून मीही पुन्हा म्हटलं नाही.”

“मीच मारलं त्यांना,” दिगू म्हणाला.

“ते मला ठाऊक नाही. छाती त्याची पूर्वीपासून नाजूक असेल, कोण जाणे. कदाचित आंब्याखाली बसूनही गेला असता. पण जाताना तो स्वतःला गुन्हेगार समजत होता. ते मात्र त्या न लिहिलेल्या ओळीमुळे झालं.”

 मग दिगू म्हणाला, “ती ओळ मी आजच घालतो. कोणाला कळायचंही नाही. आता सांगून कोणाचा काय फायदा, गुरुजी? ते तर गेले.”

“तो गेला,” गुरुजी म्हणाले. “त्याचा गुन्हा अजून त्या घरात आहे. त्या अनोळखी मुलाच्या नावाने शेवंती रोज दुपारी एक पान वाढून ठेवते. स्वतः जेवते ती त्यानंतर, ते पान गाईला घालून. जोवर तू सांगत नाहीस तोवर ती वाढत राहील. ओळ घालायची तर घाल. पण आधी कुठे जायचं, ते तुझं तू ठरव.”

शेवंती परसात नारळाच्या झावळ्यांचे झाप विणत बसली होती. दिगूला पाहून ती म्हणाली, “ये रे. बस. समाजमंदिराची किल्ली न्यायला आलास का? यांच्या सदऱ्यात आहे, देते.”

किल्ली गुणाजींकडेही होती, हे दिगूला त्या दिवशी कळलं. दार उघडता येत असूनही ते पायरीवर बसून राहत, कारण दार उघडणं हे दिगूचं काम होतं.

तो जमिनीवरच बसला आणि बोलायला लागला. पहिल्यांदा त्याने आकडे सांगितले, माळ सांगितली, बी सांगितलं. शेवंती विणत राहिली, तिला त्यातलं काही उमगलं नाही. तेव्हा त्याने ते सगळं सोडून दिलं आणि म्हणाला, “काकी, देवाने नाही दिला ओहोळ. मी चुकलो होतो. जो पहिला येईल त्याला ओहोळच मिळणार, असं झालं होतं. कोणीही आलं असतं तरी.”

विणणारे हात थांबले.

“कोणीही?”

“कोणीही. मी पहिला आलो असतो तर मला.”

“म्हणजे त्या बाईचा, त्या पोराचा...”

“काही संबंध नाही, काकी.”

“म्हणजे यांचं काही चुकलं नव्हतं.”

“नाही. ते सगळ्यांच्या आधी यायचे, एवढंच.”

शेवंतीने झावळीची एक पात दुमडली, परत सरळ केली. मग ती दिगूकडे न बघता, जणू परसातल्या नारळालाच सांगावं तसं बोलू लागली.

“मी म्हणायची, चहा टाकलाय, घोटभर घेऊन जा. रोज म्हणायची. हे म्हणायचे, नको, उशीर होईल. अहो, कोणाला उशीर होतोय, तो बाबल्या दिवे लागल्यावर येतो. तर म्हणायचे, पहिला माणूस वेळेवर गेला की मागचे येतात.” ती थांबली. “चहाला थांबले असते, तर दुसरं कोणीतरी पहिलं आलं असतं ना?”

“हो.”

“मग यांना काय मिळालं असतं?”

दिगूला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या नावाला काय येतं, ते त्याने त्याच सकाळी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

“आंबा,” तो म्हणाला.

“आंबा,” शेवंती म्हणाली. “तिथे वारा लागत नाही.”

ती उठली. दिगूला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चुलीपाशी गेली, भांड्यांचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने तिने कपबशी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

“घे,” ती म्हणाली. “उशीर होत नाहीये ना तुला?”

दिगूने मान हलवली. ती त्याच्या समोर बसली आणि तो कप रिकामा होईपर्यंत हलली नाही. चहा कसा होता, ते तो कधी कोणाला सांगू शकला नाही. तो तिने का दिला होता, हेही मला ठाऊक नाही, आणि जो शहाणा मला ते समजावून सांगेल त्याच्या शहाणपणाची मला शंकाच येईल. एवढं मात्र खरं, की त्या दुपारी तिने ते जास्तीचं पान वाढलं नाही. आपल्यापुरतं वाढून घेतलं, आणि बराच वेळ ताटासमोर नुसती बसून राहिली.

त्या दिवशी राखणीचे जमले तेव्हा दिगूने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. बाबल्याने पान थुंकलं आणि खाली बघितलं. खोपटात पसरताना तो काय काय बोलला होता, ते त्याला आठवत असावं. वाडीतले लोकही गप्प होते, कारण नशीब हा शब्द प्रत्येकाने एकदा तरी उच्चारला होता.

आता त्या वाडीत राखण संगणकावरच ठरते. पण दिगूने प्रोग्रॅम बदलला आहे. चौघे आले की प्रत्येक जण मनाला येईल तेव्हा एक कळ दाबतो, ते चार क्षण एकत्र होऊन यंत्राला बी मिळतं, आणि मगच ठिकाणं उमटतात. कळ दाबताना माणसं पूर्वीसारखंच म्हणतात, “माझा हात लागला.” पायरीवर आता कोणी आधीपासून बसलेलं नसतं, त्यामुळे चौघे जमायला उशीर होतो. दिगू वाट बघतो. मडकं संगणकाशेजारी ठेवलं आहे, त्यात शिंपलाही आहे. नव्या पोरांना वाटतं, ते शोभेला आहे.

आणि तुम्ही, ज्यांच्या वाट्याला कधी ओहोळ आला नाही, एखाद्याच्या वाट्याला तो पुन्हा पुन्हा येताना दिसला तर त्याला नशीब म्हणण्याआधी उठून एकदा बघून या, मडकं कोणी हलवलं होतं का.